वार लावून वाढलेला सिनेमा

अमेरिकेतल्या अनेक शहरांत आठवड्यातला एखादा मंदीचा वार, बहुतेक करून सोमवार किंवा मंगळवार, बारमालक सिनेमाला देऊन टाकतात. मागच्या खोलीत पडदा सोडला जातो, प्रोजेक्टर लागतो आणि ज्याचं नावही बहुतेकांनी ऐकलेलं नसतं असा एखादा चित्रपट सुरू होतो. रबराचा राक्षस, पुठ्ठ्याची उडती तबकडी, ओठांशी न जुळणारे संवाद. या प्रकाराकडे बघण्याची एक रुळलेली नजर आहे : हातात बिअर, समोर भिकार सिनेमा, घटकाभर टवाळी आणि मग घरी. सिनेमाचे गंभीर अभ्यासक याला पोरकटपणा म्हणतात. तिथे नेमाने जाणारी मंडळीही ‘इतका वाईट की चांगला’ असं म्हणून आपल्याच आवडीची किंमत कमी करतात.

ही नजर मला उथळ वाटते. माझं म्हणणं असं की कल्ट चित्रपट कुठे तयार सापडत नाही, त्याला प्रेक्षक घडवतात. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : ठरलेला वार, निवड करणारा माणूस आणि बोलायची मुभा असलेली जागा. बारमधल्या साप्ताहिक खेळात या तिन्ही एकत्र येतात, म्हणून तो चित्रपटांच्या मूल्यमापनाची एक खरीखुरी व्यवस्था आहे. बाजाराने आणि समीक्षेने टाकून दिलेले चित्रपट या व्यवस्थेने उचलले, आणि पुष्कळदा तिचाच निवाडा टिकला. हे टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. कल्ट हा चित्रपटाच्या अंगचा गुण नाही

ज्यांना जग कल्ट म्हणतं ते चित्रपट शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. आलेहांद्रो होदोरोव्स्कीचा ‘एल टोपो’ हा गूढ, रक्तरंजित, अध्यात्माकडे झुकणारा वेस्टर्न. जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) ही पिट्सबर्गच्या परिसरात तुटपुंज्या पैशांत केलेली कृष्णधवल भयकथा. जॉन वॉटर्सचा बाल्टिमोरमध्ये चित्रित झालेला ‘पिंक फ्लमिंगोज’ (१९७२) मुद्दाम किळस आणण्यासाठी केलेला. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ (१९७५) हा संगीतपट. डेव्हिड लिंचचा ‘इरेझरहेड’ (१९७७) एखाद्या दुःस्वप्नासारखा, जवळजवळ निःशब्द. विषय, शैली, कारागिरी, हेतू यांपैकी काहीही या पाचांत समान नाही. काही उत्तम बांधलेले आहेत, काही ढिसाळ.

समान आहे ती फक्त दाखवण्याची रीत. डिसेंबर १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या एल्गिन थिएटरचे चालक बेन बॅरनहोल्ट्झ यांनी ‘एल टोपो’ रात्री बाराच्या खेळाला लावला. जाहिरातबाजी जवळजवळ नव्हती, तरी ऐकीव शिफारशीवर तो पुढच्या वर्षाच्या मध्यापर्यंत चालला. ‘रॉकी हॉरर’ अमेरिकेतल्या नेहमीच्या प्रदर्शनात आपटला होता. एप्रिल १९७६ मध्ये ग्रिनिच व्हिलेजमधल्या वेव्हर्ली थिएटरने तो मध्यरात्री लावला आणि तिथून त्याचं दुसरं आयुष्य सुरू झालं. म्युनिकच्या एका चित्रपटगृहात तो १९७७ पासून आजतागायत दाखवला जातो. ‘इरेझरहेड’च्या न्यूयॉर्कमधल्या पहिल्या रात्री पंचवीसच्या आसपास माणसं होती. कोणत्याही हिशेबी चित्रपटगृहाने तो दुसऱ्याच आठवड्यात उतरवला असता. तो उतरवला गेला नाही, म्हणून आज आपल्याला लिंच ठाऊक आहे.

याचा अर्थ उघड आहे. कल्ट हे चित्रपट आणि प्रेक्षक यांच्यात काळाच्या ओघात तयार होणाऱ्या नात्याचं नाव आहे. नातं म्हटलं की भेटी आल्या, आणि भेटी म्हटल्या की वेळ ठरवावी लागते.

२. पुन्हा पुन्हा पाहण्यातून मूल्य उमगतं

बाजार चित्रपटाचा निकाल पहिल्या शनिवार-रविवारी लावतो. वृत्तपत्री समीक्षाही त्याच घाईत, एकदाच पाहून लिहिली जाते. पहिल्या भेटीत न उलगडणाऱ्या कृतीला या दोन्ही ठिकाणी जागा नाही.

फ्रँक काप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण आहे. प्रदर्शनाच्या वेळी तो तिकीटबारीवर पडला. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण राहून गेलं. मग दूरचित्रवाणी केंद्रांना तो फुकटात मिळू लागला आणि दर नाताळात सगळीकडे लागू लागला. काही वर्षांत तो अमेरिकन नाताळाचा अविभाज्य भाग झाला. चित्रपटात एक चौकटही बदलली नव्हती. लोकांना तो वरचेवर भेटू लागला, एवढाच फरक.

‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चंही असंच झालं. ऐन वेळी शीर्षक बदलताना स्वामित्वहक्काची सूचना पडद्यावरून गळली आणि तेव्हाच्या कायद्यानुसार चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. निर्मात्यांचं त्यात अपरिमित नुकसान झालं. पण कुणीही, कुठेही तो दाखवू शकत असल्याने त्याच्याभोवती झाँबीपटांची आख्खी परंपरा उभी राहिली.

पूर्वी पुण्यात शिकायला आलेली गरीब मुलं वार लावून जेवत, आज या घरी, उद्या त्या घरी, आणि त्यावरच शिकून मोठी होत. एरवी उपाशी मेले असते असे कितीतरी चित्रपट ठरल्या वाराच्या अशाच आधारावर जगले. साप्ताहिक खेळाची पहिली ताकद ही : चित्रपटाला पुन्हा भेटण्याची हमी तो देतो.

३. निवडणारा माणूस

दुसरी ताकद निवडीत आहे. घरी पडद्यासमोर बसलेला माणूस निवडतो तेव्हा तो आपल्याच जुन्या आवडीतून निवडतो. ओटीटीवरच्या शिफारशीही त्याने आधी काय पाहिलं यावरून ठरतात. साप्ताहिक खेळाला माणूस जातो तो चित्रपटासाठी नव्हे, मंगळवारसाठी. आज काय आहे हे पुष्कळदा त्याला माहीतच नसतं. आपली निवड दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची ही तयारी आज दुर्मीळ झाली आहे, आणि रुची रुंदावण्याचा मला तरी दुसरा मार्ग दिसत नाही.

टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात १९९७ मध्ये टिम आणि कॅरी लीग या दांपत्याने अलामो ड्राफ्टहाउस सुरू केलं. खुर्चीवर बसून जेवावं, बिअर प्यावी आणि सिनेमा पाहावा अशी ती जागा. तिथल्या ‘वीअर्ड वेन्झ्डे’ या खेळाने विस्मृतीत गेलेल्या स्वस्त चित्रपटांच्या ३५ मिमी प्रिंट बाहेर काढल्या. सुरुवातीच्या काळात हा खेळ फुकट असे. नाव न ऐकलेल्या चित्रपटाला खिशातले पैसे न मोडता जाता येई, म्हणून लोक धोका पत्करत.

खेळ लावणाऱ्याचं काम डिस्क सरकवण्यापुरतं नसतं. सुरुवातीची पाच मिनिटं त्याची असतात. त्या पाच मिनिटांत काय सांगितलं यावर पुढचा दीड तास ठरतो. ‘मॅनोस : द हँड्स ऑफ फेट’ (१९६६) हा चित्रपट घ्या. एल पासो शहरात खतविक्रीचा व्यवसाय करणाऱ्या हॅरल्ड वॉरनने तो काढला. त्याचा कॅमेरा एका दमात जेमतेम ३२ सेकंद चाले. संवाद नंतर मोजक्याच माणसांनी मिळून सगळ्या पात्रांसाठी भरले. हे माहीत नसताना चित्रपट असह्य वाटतो. माहीत असलं की डोळे वेगळ्या ठिकाणी जातात. वाक्य संपल्यावर नटाचा चेहरा विनाकारण तसाच का राहतो, मध्येच दृश्य का तुटतं, हे कळू लागतं. रात्रीच्या दृश्यांत दिव्यांवर झेपावणारे पतंग चौकटीत फडफडत येतात आणि नट त्यांच्याकडे दुर्लक्ष करत संवाद म्हणत राहतात. तो दिवा कॅमेऱ्याच्या किती जवळ असेल, पलीकडच्या अंधारात काहीच का दिसत नाही, याचा अंदाज साध्या प्रेक्षकालाही बांधता येतो.

सफाईदार चित्रपटात सांधे लपलेले असतात, म्हणून तो कसा केला हे दिसत नाही. ढिसाळ चित्रपट आपली बांधणी उघडी ठेवतो. संकलन म्हणजे काय, प्रकाशयोजना का लागते, ध्वनीचा प्रतिमेशी काय संबंध, हे उत्कृष्ट चित्रपटांपेक्षा अशा चित्रपटांतून अधिक लवकर शिकता येतं. अट इतकीच की दाखवणाऱ्याने बोट ठेवून दाखवलं पाहिजे.

४. बारच का?

तिसरी गोष्ट जागा. अंधारात, गुपचूप, समोर नजर लावून चित्रपट पाहणं हीच पाहण्याची नैसर्गिक रीत आहे असा आपला समज आहे. तो इतिहासाला धरून नाही. मराठी संगीत नाटकाचा प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देऊन पद पुन्हा म्हणायला लावत असे आणि नाटक पहाटेपर्यंत लांबवत असे. त्या प्रेक्षकाला कुणी असंस्कृत म्हटलं नाही. उलट त्याच्या दादेवर गायकनट घडले. महाराष्ट्रातल्या जत्रांमधले तंबूतले टुरिंग टॉकीज असेच बोलक्या प्रेक्षकांचे होते. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात त्यांचा शेवटचा काळ टिपलेला आहे. ‘रॉकी हॉरर’च्या प्रेक्षकांनी पडद्याला उलट उत्तरं द्यायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी नवीन काही केलं नाही. जुनी रीत परत आणली.

बारमध्ये शांतता सक्तीची नसते, म्हणून तिथे मिळालेल्या शांततेला किंमत असते. हर्क हार्वीच्या ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ (१९६२) मधला एक प्रसंग मी याच कसोटीवर नेहमी आठवतो. हार्वी कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी शैक्षणिक आणि औद्योगिक लघुपट काढणाऱ्या कंपनीत नोकरीला होता. युटामधल्या खाऱ्या सरोवराकाठी सॉल्टेअर नावाचा ओसाड नाचगृहाचा वाडा त्याने जाताजाता पाहिला आणि त्यावरून चित्रपट रचला. कथापट म्हणून त्याने आयुष्यात केलेला हा एकच. त्यात नायिका दुकानात कपडे घालून पाहायच्या खोलीतून बाहेर येते आणि जगाचा आवाजच बंद होतो. ती विक्रेतीशी बोलते, विक्रेतीला ते ऐकू येत नाही. रस्त्यावर गाड्या धावताहेत, माणसं चालताहेत, पण ध्वनिपट्टीवर तिच्या पावलांखेरीज जवळजवळ काही नाही. ती बागेत जाते, झाडाला टेकते आणि पक्ष्याच्या किलबिलाटाने आवाज परततो.

घरी हेडफोन लावून पाहिलं तर हा एक हुशार तांत्रिक खेळ वाटतो. पण ग्लासांची किणकिण, बर्फाच्या यंत्राची घरघर आणि मागच्या टेबलावरच्या गप्पा चालू असलेल्या खोलीत पडद्यावरचा आवाज नाहीसा झाला की खोलीला आपला स्वतःचा आवाज ऐकू येतो. गप्पा आपोआप थांबतात. माणसांत असून नसल्यासारखं होणं हा त्या चित्रपटाचा गाभा आहे, आणि तो माणसांनी भरलेल्या गजबजलेल्या खोलीतच पुरता पोचतो.

५. हसण्यातून जतनापर्यंत

टवाळीचा आरोप करणारे एक गोष्ट विसरतात : ज्यावर हसले तेच त्यांनी जपलं. १९८० मध्ये मेडवेड बंधूंच्या ‘द गोल्डन टर्की अवॉर्ड्स’ या पुस्तकात वाचकांच्या मतांनी एड वुडचा ‘प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस’ हा सर्वांत वाईट चित्रपट ठरला. त्या बदनामीमुळेच तो पाहिला जाऊ लागला आणि १९९४ मध्ये टिम बर्टनने वुडवर ममतेने चित्रपट काढला. त्यात नट बेला लुगोसीची भूमिका करणाऱ्या मार्टिन लँडाऊला ऑस्कर मिळालं. ‘मॅनोस’ १९९३ मध्ये ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ या टिंगल करणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकेत दाखवला गेला नसता तर कायमचा हरवला असता. त्याची मूळ कार्यप्रत पुढे बेन सोलोव्ही या कॅमेरामनच्या हाती लागली आणि लोकवर्गणीतून तिचं पुनरुज्जीवन झालं. ‘मायामी कनेक्शन’ (१९८७) हा पार विसरला गेलेला तायक्वांदोपट अलामोच्या एका कार्यक्रम-संयोजकाने ईबेवरून ५० डॉलरला प्रिंट विकत घेतल्यामुळे पुन्हा उजेडात आला आणि २०१२ मध्ये देशभर दाखवला गेला. ऑस्टिनच्या याच वर्तुळातून २००९ मध्ये अमेरिकन जॉनर फिल्म अर्काइव्ह ही ना-नफा संस्था उभी राहिली. कुणाला नको असलेल्या प्रिंट जपणं हेच तिचं काम.

अधिकृत दप्तरात या निवडीची नोंद उशिरा झाली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ १९९९ मध्ये आला, ‘इरेझरहेड’ २००४ मध्ये, ‘रॉकी हॉरर’ २००५ मध्ये आणि एके काळी सभ्य समाजाने नाक दाबलेला ‘पिंक फ्लमिंगोज’ २०२१ मध्ये. मध्यरात्रीच्या प्रेक्षकाने जे ओळखलं ते मान्य करायला राष्ट्राला सुमारे तीन ते पाच दशकं लागली. अशा प्रेक्षकाला टवाळखोर म्हणणं अन्यायाचं आहे.

६. आक्षेप आणि उत्तरं

हा गरिबाच्या धडपडीवर हसण्याचा उद्दामपणा आहे. आक्षेप वजनदार आहे. पोटाला चिमटा काढून चित्रपट काढणाऱ्या माणसाला सुखवस्तू तरुणांनी हसणं हे काही सुंदर दृश्य नाही. टॉमी वायझोच्या ‘द रूम’ (२००३) च्या खेळांना प्रेक्षक प्लॅस्टिकचे चमचे पडद्यावर फेकतात. असा विधी पक्का झाला की चित्रपट बाजूला पडतो आणि प्रेक्षक स्वतःलाच पाहू लागतो, हे मान्य केलं पाहिजे. पण यातून निघतो तो निष्कर्ष खेळ बंद करा असा नाही, हसण्याहसण्यात फरक करा असा आहे. काहीतरी नेमकं दिसलं म्हणून आलेलं हसू आणि आपण वरचढ आहोत हे दाखवायला काढलेलं हसू यांतला फरक खोलीतल्या प्रत्येकाला कळतो. पहिल्याला वाव देणं आणि दुसरं थोपवणं ही खेळ लावणाऱ्याची जबाबदारी. चित्रपट सुरू होण्याआधी विनोद करून टाळ्या घेणारा यजमान ती पहिल्या मिनिटालाच टाळतो.

सगळं फोनवर मिळतं, मग बारपर्यंत कशाला? मिळणं आणि भेटणं यांत अंतर आहे. यादीत असलेला चित्रपट कुणी पाहिला नाही तर तो गोदामात पडलेल्या डब्याइतकाच मृत. शिवाय घरी कंटाळा आला की बोट पुढे सरकतं. विचित्र चित्रपटाचा खरा ऐवज पुष्कळदा कंटाळवाण्या चाळिसाव्या मिनिटाच्या पलीकडे असतो. शेजारी माणसं बसली आहेत एवढ्यासाठी आपण तिथवर टिकतो.

हे ठरावीक मित्रांचं कोंडाळं असतं. अनेक ठिकाणी असतं. मात्र कोंडाळं आणि आसरा यांतली रेघ बारीक असते. छोट्या अमेरिकन गावांतल्या समलिंगी आणि ट्रान्स तरुणांना ‘रॉकी हॉरर’च्या शनिवारी रात्री पहिल्यांदा आपल्यासारखी माणसं भेटली. बार हे त्यातल्या त्यात उघड्या दाराचं ठिकाण आहे, तिथे सभासदत्वाचा फॉर्म भरावा लागत नाही. पहिल्यांदा आलेल्या अनोळखी माणसाला दुसऱ्या आठवड्यात यावंसं वाटलं का, हीच या खेळाच्या यशाची कसोटी मानावी.

ही चोरी आहे. डिस्क विकत घेतली म्हणून ती चारचौघांत दाखवण्याचा हक्क मिळत नाही, आणि ‘सगळेच करतात’ हे उत्तर होऊ शकत नाही. हक्कधारकाचा परवाना घ्यावा, अर्काइव्ह आणि छोट्या वितरकांकडून रीतसर प्रत आणावी, किंवा सार्वजनिक मालकीचे चित्रपट दाखवावेत. टाकलेल्या चित्रपटांवर प्रेम करतो म्हणणाऱ्याने त्यांच्या कर्त्यांचे पैसे बुडवू नयेत.

७. आपला हिशेब

हा विषय अमेरिकेचा असला तरी त्यातून आपल्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे चांगला सिनेमा दाखवण्याची परंपरा भक्कम आहे. १९५९ मध्ये फिल्म सोसायट्यांचा महासंघ झाला, १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं, १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. राय, कुरोसावा, बर्गमन मराठी माणसाच्या घरचे झाले ते या चळवळीमुळे. तिचे उपकार मोठे आहेत. पण तिने मान्यवर चित्रपटांची वाट रुंद केली. अमान्यांसाठी आपण काय केलं?

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ (१९८८) रीतसर चित्रपटगृहांत लागला २०१४ मध्ये. मधली सव्वीस वर्षं तो हातोहात फिरणाऱ्या प्रतींवर आणि तोंडी कीर्तीवर तगला. त्याला एखादा ठरलेला वार मिळाला असता तर त्याच्या प्रभावाचं क्षेत्र कितीतरी वाढलं असतं. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मूकपटांच्या काळातल्या सुमारे १३०० चित्रपटांपैकी अगदी थोडे उरले आहेत. पुण्याचं संग्रहालय उभं करणारे पी. के. नायर यांचा आग्रह असे की संग्राहकाने चांगलं-वाईट ठरवत बसू नये, सगळं जपावं. कारण उद्याच्या माणसाला काय मोलाचं वाटेल हे आज कुणीच सांगू शकत नाही. जतनासाठी हा आग्रह जितका खरा, तितकाच दाखवण्यासाठीही.

कायद्याची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. भारतात चित्रपटावरचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे १९६४ पर्यंतचे चित्रपट आज त्यातून मोकळे झाले आहेत. सार्वजनिक खेळाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, ते पाहावं. जागा परमिट रूमच हवी असं नाही. बंद झाल्यानंतरची खानावळ, वाचनालयाचा वरचा मजला, नाट्यमंडळाची तालमीची खोली, काहीही चालेल. माणसांना येता-जाता यावं, काही खाता-पिता यावं आणि बोलता यावं, एवढं पुरे.

न चुकवण्यासारखी गोष्ट वार आहे. पहिल्या महिन्यात सहा माणसं येतील, पावसाळ्यात तीन. खेळ लावणाऱ्याने तरीही तो मोडू नये, कारण ‘इरेझरहेड’ला पहिल्या रात्री पंचवीसच भेटले होते आणि त्या पंचविसांसाठी दुसऱ्या रात्री पडदा उघडा ठेवला गेला. एखाद्या समाजाची अभिरुची त्याने डोक्यावर घेतलेल्या कृतींवरून जेवढी कळते, तेवढीच टाकून दिलेल्यांना त्याने दुसरी संधी दिली की नाही यावरूनही कळते. ही संधी देण्याचं काम सरकारी अनुदानाची वाट पाहत थांबण्याइतकं अवघड नाही. प्रोजेक्टर, पडदा आणि नेमाने वार पाळणारा एक हट्टी माणूस एवढ्यावर ते सुरू होतं, आणि ते सुरू करणाऱ्याला टवाळ न म्हणता समीक्षक म्हणायला आपण शिकलं पाहिजे.